पन्नास रुपयांचा गुन्हा

धान घरात आले, खळी रिकामी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत करमणुकीचा हंगाम सुरू होतो. कुठे मंडई भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. आणि गावापासून थोडे दूर, जंगलाच्या कडेला, मोहाच्या झाडांखाली कोंबडा बाजार. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत या दिवसांत एक बातमी हमखास दिसते: कोंबडा बाजारावर पोलिसांची धाड. बातमीखालची यादीही ठरलेली असते. इतके झुंजीचे कोंबडे, इतक्या लोखंडी कात्या, इतकी रोख रक्कम, इतक्या मोटारसायकली, एकूण मुद्देमाल इतक्या रुपयांचा.

काती म्हणजे लहानसे, दोन्ही अंगांनी परजलेले पाते. ते कोंबड्याच्या पायाला दोऱ्याने करकचून बांधतात, गाठ हलत नाही ना हे बोटाने चाचपून पाहतात आणि मगच कोंबडा रिंगणात सोडतात. नुसत्या नखांची झुंज बराच वेळ चालली असती. काती बांधल्यावर ती काही मिनिटांत संपते, कारण पहिल्याच झेपेत छाती किंवा पोट फाटते. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो आणि पैसे हातोहात फिरतात.

पोलीस पंचनाम्यात कोंबडे मोजले जातात. त्यांच्या जखमा मात्र क्वचितच मोजल्या जातात. गुन्हा बहुतेक वेळा जुगार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदला जातो. एका जिवाच्या पायाला पाते बांधून दुसऱ्या जिवाला फाडले गेले, ही घटना कायद्याच्या कागदावर पैजेची घटना म्हणून उतरते. असे का होते, याचे उत्तर दीडशे वर्षांपेक्षा जुने आहे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा हा त्यातला एक जिल्हा बनला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली या चांद्यातूनच आले. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. चांद्यात इंग्रजी कायदे एकामागून एक येऊ लागले, त्यांतलाच एक १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा. त्याच्या नावातच मध्य प्रांताचा उल्लेख होता. त्यातली जुगारअड्ड्यांविषयीची बरीच कलमे प्रांत सरकारने गरजेप्रमाणे लागू करायची होती, पण कलम १३ पहिल्या दिवसापासून साऱ्या मुलखाला लागू झाले. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जुगार खेळणारा आणि तिथेच पक्षी किंवा जनावरे झुंजवणारा, दोघांना त्यात एकच शिक्षा होती: ५० रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. जप्त केलेली जुगाराची साधने नष्ट करायची, पक्षी-जनावरे विकायची आणि आलेले पैसे सरकारजमा करायचे, अशीही तरतूद होती.

त्याआधी बत्तीस वर्षे, १८३५ मध्ये, खुद्द इंग्लंडने कोंबड्यांच्या झुंजींचे अड्डे चालवण्यावर बंदी घातली होती, आणि ती प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याने घातली होती. तीच झुंज चांद्याच्या जंगलात गुन्हा ठरली, पण जुगाराच्या दाराने आत आली. राज्यकर्त्यांना इथे खटकली ती रस्त्यावरची गर्दी आणि पैज. कोंबड्याचे दुखणे त्या कलमात कुठेच नव्हते. आजही राज्यात लागू असलेल्या, मूळच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातले कलम १२ याच वळणाने जाते.

दुसरे दार होते मालमत्तेचे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४२८ आणि ४२९ ही जनावराला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यांविषयी होती, पण त्यांचे घर होते 'आगळीक' या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करण्यात. दहा रुपये किंवा अधिक किमतीच्या जनावरासाठी दोन वर्षांपर्यंत कैद. हत्ती, घोडा, गाय, बैल यांच्यासाठी, किंवा पन्नास रुपये आणि त्याहून अधिक किमतीच्या कोणत्याही जनावरासाठी, पाच वर्षांपर्यंत. शेजाऱ्याचा बैल तोडला तर तुरुंग. स्वतःचा बैल स्वतःच्या गोठ्यात उपाशी मारला तर या कलमांचा हात तिथे पोचत नव्हता, कारण नुकसान कोणाचेच झालेले नव्हते.

क्रूरतेवरचा खास देशव्यापी कायदा १८९० मध्ये आला. त्याची धाव मुळात रस्ता आणि लोकांची ये-जा असलेली जागा एवढीच होती. चांद्यासारख्या जिल्ह्यात, जिथे शेत, टोला आणि जंगल यांच्या मधोमध रस्ता नावालाच असे, तिथे अशा कायद्याची सावली फार दूरवर पडणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलावे म्हणून उभी राहिली एक नर्तकी. राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची लांबलचक यादी आहे: मारणे, लाथाडणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, आजारी जनावराला कामाला जुंपणे, कोंबून वाहतूक करणे, उपाशी ठेवणे, करमणुकीसाठी एकाला दुसऱ्यावर सोडणे, झुंजीचा अड्डा चालवणे. जनावराच्या वेदनेला कायद्यात पहिल्यांदाच स्वतःची अशी प्रशस्त जागा मिळाली.

शिक्षा मात्र होती तिथेच राहिली. पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १८६७ मध्ये कोंबडे झुंजवणाऱ्याला चांद्याचा दंडाधिकारी जो कमाल दंड करू शकत होता, तोच आकडा आज कलम ११ च्या पहिल्या गुन्ह्याला आहे. त्या काळी ५० रुपयांत बैल येत असे. आज त्या रकमेत त्याची दिवसाची ढेपही भागत नाही.

दंड एवढा हलका असला की बचावाची पद्धतही तशीच ठरते. केवळ दंडाच्या गुन्ह्यात आरोपीला सर्वात स्वस्त पडतो तो कबुलीजबाब: गुन्हा मान्य, पैसे भरले, तारखा वाचल्या. आणि लढायचे ठरलेच तर वकिलाच्या हाती कायद्यानेच तीन भक्कम मुद्दे दिले आहेत.

पहिला मुद्दा तपासाच्या अधिकाराचा. कलम ३१ नुसार या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत: जनावराचा अवयव तोडणे किंवा त्याला क्रूरपणे ठार करणे, झुंजीचा अड्डा चालवणे, डांबलेली जनावरे सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या स्पर्धा भरवणे, आणि दूध वाढवण्यासाठीची फुका-डूमदेव ही अघोरी पद्धत. मारहाण, जादा ओझे, उपासमार हे सारे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पोलिसांनी अशा गुन्ह्याचा तपास केला असेल, तर बचाव पक्ष तिथूनच खटल्याचा पाया उकरतो.

दुसरा मुद्दा मुदतीचा. कलम ३६ सांगते की घटनेपासून तीन महिने उलटल्यावर खटला दाखल करता येत नाही. एटापल्ली किंवा भामरागडच्या टोकावरच्या गावातली घटना, तिथून पोलीस ठाणे, पशुवैद्यकाचा दाखला, मग न्यायालय, एवढ्या प्रवासात पावसाळ्याचे नाले आडवे आले की तीन महिने सरतात.

तिसरा मुद्दा सर्वांत खोल आहे. कायदा बोलतो तो अनावश्यक वेदनेबद्दल. वेसण घालणे, डाग देणे, खच्चीकरण, शिंगे काढणे हे विहित रीतीने केले तर गुन्हा नाही. खाण्यासाठी मारणेही गुन्हा नाही, जर त्यात विनाकारण यातना दिल्या नसतील. कलम २८ धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या वधाला संरक्षण देते. म्हणून वेदना झाली एवढे सांगून सरकारी पक्षाचे भागत नाही. ती टाळता आली असती, हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी बहुधा पशुवैद्यकाची साक्ष लागते.

बैलाच्या बाबतीत हा पुरावा उघड्या डोळ्यांना दिसतो. टोकाला खिळा ठोकलेली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, ज्याच्या मागच्या अंगावर रोज टोचली जाते, त्या बैलाच्या कातडीवर बारीक गोल व्रण असतात. जुने करडे पडलेले, नवे ओले, त्यांवर माश्या. जुवाखाली मानेवर खांदा आलेला असतो, म्हणजे कातडे सोलून गाठ सुजलेली असते. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम अशा खिळ्याच्या काठीला मनाई करतात. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही, असेही ते सांगतात. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश सहज ओलांडतो. त्या नियमाप्रमाणे इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर एकही बैलबंडी रस्त्यावर दिसता कामा नये.

बैलाच्याच निमित्ताने या मुलखाने क्रूरतेवरचा सर्वांत मोठा कायदेशीर वाद पाहिला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वैनगंगेपलीकडे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा हा पट्टा शंकरपटाचा. हलक्या गाडीला जुंपलेली जोडी, हातात घड्याळ धरलेले पंच, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. पटाच्या बैलाला शेतात सहसा जुंपत नाहीत. त्याला खुराक वेगळा, मालिश वेगळी. पट म्हणजे पाहुणेरावळे, सोयरिकीची बोलणी, दुकाने, आणि रात्री नाटक. देसाईगंज म्हणजेच वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र, आणि तिथल्या नाटक कंपन्यांना पटाचे आणि मंडईचे मुक्काम ही मोठी मिळकत. २०२३ मध्ये गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रदर्शन आणि खेळांसाठी ज्यांना वापरता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या जोडीला बैलाचेही नाव घातले. राज्याने शर्यतींवर बंदी आणली, मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती कायम केली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा या खटल्यात तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बेकायदा ठरवल्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने भूक, भीती, वेदना यांपासून मुक्ती धरून प्राण्यांची पंचस्वातंत्र्ये कायद्यात वाचली, रूढीपेक्षा कायदा वरचढ मानला आणि संसदेने शिक्षा वाढवावी अशी अपेक्षाही नोंदवली.

इथून पटशौकिनांचा बचाव सुरू झाला. त्यांचे म्हणणे दोन पायांवर उभे होते: ही आमची परंपरा आहे, आणि शर्यत नसेल तर गावठी बैल पाळणार कोण? दुसऱ्या बाजूने शेपटी पिरगाळणे, चाबूक, खिळे, विजेचे झटके यांचे दाखले होते. केंद्राने ७ जानेवारी २०१६ रोजी शर्यतींना सूट दिली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली, पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती पुन्हा थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परंपरा कोणती आणि किती जुनी, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा आधार सापडत नाही, असे या निकालाने म्हटले. बंदीच्या वर्षांत शर्यत भरवणाऱ्यांवर आणि त्यांत भाग घेणाऱ्यांवर राज्यभर दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

या लढ्यातून एक गोष्ट मात्र बैलांच्या पदरात पडली. राज्याच्या दुरुस्तीनुसार शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बैलांची तपासणी लागते, काठी-चाबूक चालत नाही, आणि अट मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे पटाच्या मैदानात बैलाला दिलेल्या त्रासाची किंमत पाच लाखांपर्यंत जाते आणि त्याच गावात नांगराला जुंपलेल्या बैलाला दिलेल्या त्रासाची पन्नास रुपयांवर थांबते. लोकांचा गलका झाला, न्यायालये हलली, म्हणून पटाच्या बैलाला संरक्षण मिळाले. नांगराच्या बैलासाठी कोणी सर्वोच्च न्यायालय गाठले नाही.

तिसरा आखाडा रस्त्यावरचा. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमा तेलंगणाला भिडतात, आणि रात्रीच्या वेळी जनावरांनी खच्चून भरलेली वाहने पकडल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गायी-बैल नेता येत नाहीत. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि अशा खटल्यांना पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचे वजन मिळाले. बचावाच्या दृष्टीने ६ मे २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा ठरला: बंदी टिकली, पण निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे त्या बंदीच्या कायद्यातले कलम ९ ब रद्द झाले. आरोप सरकारने सिद्ध करायचा, हे फौजदारी न्यायाचे मूळ तत्त्व तिथे राखले गेले.

या खटल्यांत खरी चुरस असते ती जनावरांच्या ताब्याची. मालक सुपूर्दनाम्यावर जनावरे परत मागतो, गोशाळा ठेवून घ्यायला पाहते. ताब्यासाठी मालकाचा हक्क मोठा खरा, पण छळाच्या प्रकरणात कलम ३५ प्रमाणे दंडाधिकारी जनावरे पांजरपोळात ठेवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले. २०१७ च्या मुद्देमाल जनावरांच्या नियमांनी देखभालीचा खर्चही ठरवून दिला. निकाल लागेपर्यंत जनावर म्हातारे होते किंवा मरते, म्हणून ताब्याचा आदेश हाच बहुधा त्याच्यापुरता अंतिम निकाल असतो.

याच जंगलात कायद्याचे चौथे रूपही राहते. रानडुकरांपासून धान वाचवायला कुंपणात सोडलेल्या वीजप्रवाहाने बैल मेला तर ते मालकाचे नुकसान असते. वाघ मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद. एप्रिल २०१७ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' नागभीड परिसरात अशाच तारेने मेला आणि जमिनीत पुरलेला सापडला. वन खात्याच्या खटल्यात वरिष्ठ वनाधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदवलेला पुरावा न्यायालयात ग्राह्य धरता येतो, म्हणून तिथे बचाव पक्षाचा सारा जोर त्या नोंदीतल्या चुका शोधण्यावर असतो. वाघाचे शवविच्छेदन होते, विजेची खूण शोधली जाते, नमुने प्रयोगशाळेत जातात. पुरावा कसा गोळा करायचा हे या जिल्ह्यांच्या यंत्रणेला पुरते ठाऊक आहे. ते ज्ञान कोंबड्यापर्यंत आणि बैलापर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

दुसरी उणीव आरोपीच्या बाजूची आहे आणि ती तितकीच खरी आहे. कोंबडा बाजारात पकडला जाणारा पुष्कळदा माडिया किंवा गोंड शेतकरी असतो. त्याची बोली एक, न्यायालयाची भाषा दुसरी. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो न सांगता कबुली घेतली तर शिक्षा होते, पण आपले नेमके काय चुकले हे त्या माणसाला कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजार भरतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने दंड भरला तो पैज लावल्याचा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ३२५ मध्ये दहा आणि पन्नास रुपयांच्या किमतीची जुनी अट काढून टाकली. कोणत्याही जनावराला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे याला आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी हे कलम अजूनही आगळिकीच्या, म्हणजे नुकसानीच्या प्रकरणातच बसते. १९६० च्या कायद्यातला दंड पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये करणारा आणि अघोरी क्रूरतेला वेगळी कैद सांगणारा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. तो अजून कायदा झालेला नाही.

तोवर जे बदलू शकते ते तालुक्याच्या पातळीवर आहे आणि त्याला संसदेची वाट पाहावी लागत नाही. कोंबडा बाजारावरच्या धाडीत जुगाराच्या कलमाबरोबर अड्डा चालवण्याचे कलम ११ (१) (ढ) लावता येते, कारण ते दखलपात्र आहे. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलावून प्रत्येक पक्ष्याच्या जखमेची लांबी, खोली आणि ती कातीनेच झाली का, हे लिहून घेता येते. काती जप्त करताना तिच्यावरचे रक्त पुसले जाणार नाही अशी बांधता येते. आरोपीला त्याच्या बोलीत आरोप समजावता येतो आणि वकील देता येतो. आणि हे सारे तीन महिन्यांच्या आत न्यायालयापुढे ठेवता येते.